एपीएआर: सहा जणांचे अहवाल पहिल्यांदाच लिहायचे आहेत, सरसकट ९ द्यायचे का?

केतकी_सेमिनरीहिल्स

नमस्कार मंडळी.

मी नागपुरात केंद्राच्या एका मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयात आहे. मागच्या सप्टेंबरात बढती झाली, सेक्शनचा चार्ज मिळाला आणि यंदा पहिल्यांदाच दुसऱ्यांचे एपीएआर, म्हणजे वार्षिक कामगिरीचे अहवाल, माझ्या हातात आलेत. सहा जण आहेत. सगळ्यांची सेल्फ अप्रेझल १५ एप्रिलच्या आत आली. माझा भाग ३० जूनपर्यंत लिहून रिव्ह्यूइंग ऑफिसरकडे, म्हणजे तो तपासणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याकडे, जायला हवा.

आमच्याकडे वर्षानुवर्षं सगळ्यांना १० पैकी ९ च्या आसपास देतात. अहवाल आता ज्याचा त्याला दाखवला जातो, त्यामुळे लोक एकमेकांना सांगतात, आणि मजकूरही सारखाच असतो. "मेहनती, आज्ञाधारक, मनमिळाऊ. दिलेले काम वेळेत पूर्ण करतात." माझ्या अहवालातही हेच होतं. त्या वर्षी मी अख्ख्या सेक्शनच्या जुन्या फाइली स्कॅन करून, विषयवार लावून ई-ऑफिसवर चढवल्या होत्या. त्याबद्दल एक ओळ नव्हती. आकडा चांगला होता, पण ते वाचून फार वाईट वाटलं होतं.

आता माझ्यापुढचा पेच सांगते. एक यूडीसी (उच्च श्रेणी लिपिक) आहेत, पेन्शनचं टेबल सांभाळतात. अठरा वर्षं सेवा झाली आणि निवृत्तीला पाच वर्षं उरली की सेवा पडताळून कर्मचाऱ्याला दाखला द्यावा, असा नियम आहे. आमच्याकडे हे काम माणूस निवृत्तीच्या दारात आला की आठवायचं. यांनी कुणी न सांगता अशा लोकांची यादी काढली आणि सर्व्हिस बुकं एकेक करून तपासायला घेतली. त्यात एका ड्रायव्हरच्या बुकात जबलपूरच्या पोस्टिंगची काही वर्षं कोरीच निघाली. रजेची नोंद आहे, वेतनवाढ आहे, पण पडताळणीचा शिक्का नाही, सही नाही. जबलपूरचं ते ऑफिस मधल्या काळात दुसऱ्यात विलीन झालेलं. यांनी लेखा शाखेला पत्रं लिहिली, फोन केले, जुन्या पगारपत्रकांच्या प्रती मागवल्या, पुन्हा पत्रं. शेवटी दाखला आला. तो ड्रायव्हर निवृत्त झाला त्या दिवशी पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, हातात घेऊनच घरी गेला.

दुसरे एक आहेत, आरटीआय आणि सीपीग्राम्सच्या (केंद्राच्या तक्रार पोर्टलवरच्या) तक्रारींच्या टेबलावर. माणूस वागायला उत्तम. कुणाशी वाद नाही, वेळेवर येतात. पण आरटीआयचे अर्ज ३० दिवस उलटून जातात, आणि तक्रारींवर "सदर प्रकरणी माहिती गोळा करण्यात येत आहे" असं लिहून तक्रार निकाली काढतात. कागदावर निकाली. तक्रारदार तिथल्या तिथेच.

शेजारच्या सेक्शनचे साहेब म्हणतात, "काहून डोक्याला ताप करून राहिल्या मॅडम, सगळ्यांना नऊ टाका अन् मोकळ्या व्हा." मला तसं मोकळं व्हायचं नाही. पण दुसऱ्या गृहस्थांची एमएसीपी (ठरावीक वर्षांच्या सेवेनंतर बढती नसतानाही मिळणारी वरची वेतनश्रेणी) पुढच्या वर्षी आहे आणि माझ्या एका आकड्याने ती अडकू शकते, हेही मला दिसतं. सप्टेंबरच्या आधीचं मी पाहिलेलंच नाही, तर पूर्ण वर्षाचं मी लिहायचं का? आणि आकडा द्यायचा तरी कशावरून? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगा.

---

खामल्याचे काका

केतकीताई, माझी बरीचशी नोकरी केंद्राच्याच एका ऑफिसात प्रशासन शाखेत गेली. एपीएआर गोळा करणे, एमएसीपी आणि डीपीसीच्या (बढती समितीच्या) बैठकांचे कागद तयार करणे, अभिवेदनं, म्हणजे अहवालावरच्या लेखी हरकती, आली की त्यावर टिपणी टाकणे, हेच काम. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सप्टेंबरचं आधी सांगतो. एखाद्याचं काम तुम्ही निदान तीन महिने पाहिलं असेल तरच त्याचा अहवाल तुम्ही लिहू शकता. तुम्ही सप्टेंबर ते मार्च पाहिलं आहे, तेवढ्या काळाचं लिहा आणि कालावधीच्या रकान्यात तारखा स्पष्ट टाका. एप्रिल ते ऑगस्टचा भाग आधीच्या अधिकाऱ्यांनी बदलीच्या वेळी लिहून द्यायला हवा होता. प्रशासन शाखेला आजच विचारा, कारण ३० जूननंतर अहवाल लिहिणाऱ्याला आणि ३१ ऑगस्टनंतर रिव्ह्यूइंग ऑफिसरलाही काही लिहिता येत नाही, तो अधिकारच संपतो.

आता ९ चं. फॉर्मसोबत ज्या सूचना येतात त्या शेवटपर्यंत वाचणारे कमी. त्यात स्वच्छ लिहिलंय की १-२ किंवा ९-१० हे गुण क्वचितच दिले जावेत, आणि दिले तर पेन पिक्चरमध्ये (अधिकाऱ्याने शब्दांत लिहायच्या वर्णनात) त्याचं कारण ठोस कामगिरी किंवा ठोस चूक सांगून द्यावं. म्हणजे सगळ्यांना ९ देणारा अधिकारी उदार नाही, तो फॉर्मच्या विरुद्ध वागून राहिला. आणि यात नुकसान कुणाचं होतं? तुमच्या पेन्शनवाल्या यूडीसींचं. समितीपुढे सहा फाइली येतात, सहाही ९ च्या, सहाही "मेहनती, आज्ञाधारक". अशा वेळी जबलपूरची ती कोरी वर्षं भरून काढणारा माणूस ओळखू कसा यावा? मी अशा बैठकांचे तक्ते स्वतः टाइप केलेत. सगळ्या ओळी सारख्या दिसायच्या. जो खरंच काम करतो त्याच्या वाट्याला ज्येष्ठतेच्या यादीतला नंबर, एवढंच उरतं.

आकड्यांचे टप्पे डोक्यात पक्के ठेवा. ८ ते १० म्हणजे आउटस्टँडिंग. ६ पासून ८ च्या आत व्हेरी गुड. ४ पासून ६ च्या आत गुड. ४ च्या खाली शून्य धरतात. सातव्या वेतन आयोगानंतर एमएसीपीची अट 'गुड' वरून 'व्हेरी गुड' झाली, २५ जुलै २०१६ पासून. त्यामुळे ५.९ आणि ६ यांत दिसायला दशांशाचा फरक, पण घरात येणाऱ्या पगारावर त्याचा फरक फार मोठा. एमएसीपी १०, २० आणि ३० वर्षांवर. एक पुढे ढकलली गेली तर तिच्या मागची पण ढकलली जाते. म्हणून ६ च्या खाली जाताना कागद हातात पाहिजे, रागात जायचं नाही.

पण तुम्ही थेट एकूण आकड्यापासून सुरुवात करूच नका. फॉर्म तसा बनवलेलाच नाही. कामाच्या निष्पत्तीला ४० टक्के, वैयक्तिक गुणांना ३०, कार्यक्षमतेला ३०. प्रत्येक रकाना वेगळा भरा, मग गुणाकार करा. लोक उलटं करतात. आधी ९ ठरवतात आणि मग प्रत्येक रकान्यात ९ लिहीत जातात. वागायला चांगला माणूस असेल तर त्याला वागण्यात पूर्ण गुण द्या, मनापासून द्या. पण ते गुण कामाच्या रकान्यात नेऊन टाकू नका.

तक्रारींच्या टेबलाबद्दल एक सांगतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. "किती निकाली काढल्या" हा आकडा घेऊ नका. तो वाढवायला एक वाक्य पुरतं, तुम्ही वर लिहिलंच आहे ते. तक्रारदाराला उत्तर पटलं नाही तर सीपीग्राम्सवर अपील करता येतं. किती तक्रारी अपिलात गेल्या ते काढा. आरटीआयमध्ये किती प्रथम अपिलं झाली आणि अपिलात माहिती द्या असा आदेश किती वेळा निघाला, ते काढा. हे आकडे पोर्टलवर आणि रजिस्टरात आहेत. ते तुमच्या मतावर अवलंबून नाहीत, त्यामुळे उद्या वाद झाला तरी टिकतात.

सचोटीचा रकाना जपून भरा. शंका नसेल तर "सचोटी संशयातीत" लिहा आणि पुढे जा. शंका असेल तर रकाना रिकामा ठेवून वेगळी गोपनीय नोंद करायची आणि तिचा पाठपुरावा करायचा, अशी रीत आहे. "सचोटीविषयी प्रतिकूल काही ऐकिवात नाही" असलं अर्धवट वाक्य लिहू नका. त्या एका वाक्याने माणसाच्या सबंध नोकरीवर सावली पडते आणि तिला आधार काहीच नसतो.

प्रशिक्षणाचा रकानाही कुणी भरत नाही. तो भरा. इंग्रजी मसुदा जमत नाही म्हणून एखादा माणूस ठरलेलं एकच वाक्य लिहीत असेल, हे शक्य आहे. आम्ही असे लोक पाहिलेत. त्याला कुणी कधी विचारलेलं नसतं.

---

प्रशासन_विषय

काकांनी कायद्याची बाजू थोडी सांगितली, मी भर घालतो.

गोपनीय अहवाल खरोखर गोपनीय होते तेव्हा काय व्हायचं, ते देव दत्त विरुद्ध भारत सरकार या २००८ च्या निकालात दिसतं. ते सीमा रस्ते संघटनेत कार्यकारी अभियंता होते. अधीक्षक अभियंता होण्यासाठी मागच्या पाच वर्षांत 'व्हेरी गुड' लागायचं. १९९३-९४ च्या अहवालात त्यांना 'गुड' होतं आणि ते त्यांना कधी कळवलंच नाही, कारण 'गुड' हा काही प्रतिकूल शेरा नव्हे असं मानलं जायचं. बढती गेली, कनिष्ठ पुढे गेले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक नोंद कळवली पाहिजे, चांगली असो की वाईट. २०१३ मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तेच कायम केलं. कार्मिक विभागाने मे २००९ मध्ये नाव बदलून एपीएआर केलं आणि पूर्ण अहवाल दाखवायची पद्धत आणली.

त्यामुळे केतकीताई, तुम्ही लिहाल ते संबंधित माणूस वाचणार आहे. त्याला १५ दिवसांत अभिवेदन देता येतं आणि त्यावर ३० दिवसांत निर्णय व्हावा लागतो. माझा अनुभव असा की बरेच अधिकारी याच भीतीने ९ देतात: वाचेल, भांडेल, कॅटमध्ये (केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात) जाईल. मला वाटतं हे उलटं पाहिलं पाहिजे. जे लिहिणार ते त्याला आधी तोंडावर सांगितलेलं असेल, तर वाचून धक्का बसत नाही.

---

वर्धारोड_राज्यसेवा

मी राज्य शासनात आहे, नागपुरातच. आमच्याकडे नावं वेगळी (कार्यमूल्यमापन अहवाल, प्रतिवेदन अधिकारी, पुनर्विलोकन अधिकारी), दुखणं तेच.

डिसेंबरचं उदाहरण देते. हिवाळी अधिवेशन आलं की आमच्या ऑफिसचा जीव टांगणीला लागतो. मुंबईहून मंत्रालय इकडे येतं, हैदराबाद हाऊस, रविभवन, विधान भवन, सगळीकडे गाड्या. रात्री तारांकित प्रश्न येतो, सकाळी उत्तरासाठी माहिती पाहिजे, तालुक्यांवरून आकडे गोळा करायचे, ते जुळत नाहीत, पुन्हा फोन. आमच्याकडे एक कनिष्ठ लिपिक आहे. तिने आदल्या वर्षीच्या सगळ्या प्रश्नांची विषयवार फाइल करून ठेवली होती, सोबत तालुकानिहाय तक्ते. कपात सूचना असो की लक्षवेधी, तिच्या टेबलावरून अर्ध्या तासात माहिती निघायची. मार्चमध्ये अहवाल लिहिणाऱ्या साहेबांची तोवर बदली झालेली. नव्यांनी डिसेंबर पाहिलेलाच नाही. तिला मिळालं तेच जे सगळ्यांना मिळालं.

राज्यात २००५ चा बदल्यांचा आणि विलंब रोखण्याचा कायदा आहे. त्यात कुणाही कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं आहे. फाइल किती दिवस कुणाकडे होती हे आता ई-ऑफिसवर दिसतं. हे अहवालात यायला हवं, येत नाही. विभागांचं मोजमाप मात्र होतं. २०२५ मध्ये १०० दिवसांचा कार्यक्रम झाला, भारतीय गुणवत्ता परिषदेकडून मूल्यमापन झालं, महिला व बालविकास विभाग पहिला आला. आमचंही ऑफिस त्यात धावलं: संकेतस्थळ, स्वच्छता, तक्रार निवारण, अभ्यागतांची बसायची सोय. चांगलं झालं ते सगळं, खरंच झालं. पण त्या धावपळीत कुणी काय केलं, याची एक ओळही कुणाच्या अहवालात गेली नाही.

---

दिल्लीहून_परत

वरच्या ताईंच्या शेवटच्या मुद्द्यावर. केंद्रातही हा प्रयोग झाला होता. २००९ पासून मंत्रालयांना दरवर्षी आरएफडी, म्हणजे निष्पत्तीचा करारनामा, तयार करावा लागायचा. उद्दिष्टं, त्यांचं वजन, शेवटी १०० पैकी एकूण गुण. कॅबिनेट सचिवालयात त्यासाठी स्वतंत्र विभाग होता. २०१४ नंतर ते बंद पडलं. मी त्या काळात एका मंत्रालयात होतो. उद्दिष्टं मंत्रालय स्वतःच सुचवायचं, त्यामुळे हमखास गाठता येतील अशी बरीच यायची. तरी एक गोष्ट मला आवडायची: वर्षाच्या सुरुवातीला लिहून ठेवावं लागायचं की यंदा काय करणार.

केतकीताई, तुम्ही सेक्शनपुरतं हे करू शकता, कुणाची परवानगी लागत नाही. एपीएआरच्या सेल्फ अप्रेझलमध्ये उद्दिष्टांचा रकाना असतोच. लोक तो मार्च संपल्यावर भरतात, म्हणजे जे झालं तेच उद्दिष्ट म्हणून लिहितात. एप्रिलमध्ये भरून घेतला तर त्याला अर्थ येतो.

---

केतकी_सेमिनरीहिल्स

सगळ्यांचे मनापासून आभार. एप्रिल ते ऑगस्टचा भाग प्रशासनाकडे आलेलाच नव्हता, काकांमुळे आधीच्या साहेबांना आजच पत्र गेलं.

पेन्शनवाल्या यूडीसींचं लिहून झालं. पेन पिक्चरमध्ये "मेहनती" शब्द नाही. यादी, पडताळणीचे दाखले, जबलपूरचं प्रकरण, निवृत्तीच्या दिवशीचा पीपीओ, एवढंच लिहिलं. ८.८ आले. मोह झाला ९.५ करायचा, पण रकाने भरत गेले तसे आले तेवढेच ठेवले.

तक्रारींच्या टेबलाचं काकांच्या पद्धतीने करून पाहिलं. कामाला ४.५, वागण्याला ७, कार्यक्षमतेला ६. हिशेब: १.८ अधिक २.१ अधिक १.८, म्हणजे ५.७. कामाला ५.५ दिले तर एकूण ६.१ होतात आणि एमएसीपी सुटते. एका रकान्यातला एक गुण. काल रात्रभर तेच डोक्यात होतं. अपिलांचे आकडे काढले, ते कामाला ४.५ च सांगतात, ५.५ नाही. मेमो मी दिलेला नाही. पण नोव्हेंबरात ई-ऑफिसवर टीप टाकली होती, ३० दिवसांवरच्या अर्जांची यादी मागितली होती आणि ठरलेल्या वाक्याने तक्रार बंद करू नये असं लिहिलं होतं. त्यांनी पाहिल्याची नोंद आहे, उत्तर नाही. जानेवारीत पुन्हा टाकली.

आज त्यांना बसवून बोलले. काकांनी लिहिलं होतं तसंच निघालं. इंग्रजी मसुदा लिहायची भीती वाटते म्हणाले. हिंदीत उत्तर द्यायला काहीच हरकत नाही, नागपूर त्या बाबतीत मोकळं आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आता सांगा, ५.७ की ६.१?

---

खामल्याचे काका

नोव्हेंबर आणि जानेवारीच्या दोन्ही टिपा तारखेसह पेन पिक्चरमध्ये लिहा. आहे तो कागद, मेमोच लागतो असं नाही. माझ्या मते ५.७ लिहा. मागच्या वर्षीच्या कामाचा अहवाल आहे तो, आज झालेल्या बोलण्याचा नाही. ज्यांचे आरटीआय अर्ज अडकले ते पण कुणाची तरी माणसंच आहेत.

पण भाषेचं जे कळलं तेही त्याच अहवालात लिहा, प्रशिक्षणाच्या रकान्यात. रिव्ह्यूइंग ऑफिसरना तुमच्यापेक्षा वेगळं वाटलं तर ते कारण देऊन आकडा बदलू शकतात, तो त्यांचा अधिकार आहे. आणि त्या गृहस्थांना अभिवेदनाचे १५ दिवस आहेत हे तुम्हीच तोंडी सांगा.

---

वर्धारोड_राज्यसेवा

मी ६.१ दिले असते. वर्षभर ज्याला कुणी विचारलं नाही की अडचण काय आहे, त्याची एमएसीपी थांबवणं मला जड गेलं असतं. सात महिने तुम्ही, त्याआधी दुसरे, कुणाच्याच लक्षात आलं नाही. हे कार्यालयाचंही काम होतं.

---

केतकी_सेमिनरीहिल्स

ताई, तुमचं म्हणणं पटतं म्हणूनच झोप आली नाही. ५.७ च लिहितेय. शेजारी अपिलांचे आकडे, दोन्ही टिपांच्या तारखा आणि प्रशिक्षणाच्या रकान्यात "मसुदालेखन, हिंदी व इंग्रजी, कार्यालयाने अद्याप दिलेले नाही." कार्यालयाने दिलेले नाही हे मुद्दाम लिहिलंय, म्हणजे रिव्ह्यूइंग ऑफिसरना आणि समितीला ते दिसेल. सोमवारपासून ते माझ्या शेजारच्या टेबलावर बसतील. रोज दोन तक्रारींची उत्तरं हिंदीत, मी तपासणार. पुढच्या वर्षीची उद्दिष्टं सहाही जणांकडून याच आठवड्यात लिहून घेतेय. दिल्लीहून_परत, तुमच्याकडे त्या करारनाम्यातल्या उद्दिष्टांच्या रकान्यांचा नमुना असेल तर इथे टाका. वजन कसं द्यायचं ते पाहायचं आहे.